लंडनच्या ट्यूबमध्ये भारतीय कार्ड चालत नाही? आधी ते कधी बंद पडलं ते सांगा

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: “कार्ड चालत नाहीये.” एवढ्यावरून काहीच कळत नाही. आमच्याकडे मे महिन्यापासून पाहुण्यांची ये-जा सुरू होते. कुणाचे आईवडील येतात, कुणाची मावशी, कुणी चार दिवसांच्या कामासाठी. त्यातलं कुणी ना कुणी ट्यूबच्या, म्हणजे लंडनच्या मेट्रोच्या, एखाद्या स्टेशनाच्या गेटपाशी अडकून फोन करतंच. कार्ड कुठल्या बँकेचं आहे हे मी नंतर विचारते. पहिला प्रश्न असतो, ते नेमकं कधी अडलं. त्या उत्तरातच निम्मं निदान असतं.

लक्षणं

पहिलं: पहिल्याच टॅपला लाल दिवा. गेट उघडत नाही, पडद्यावर ‘सीक असिस्टन्स’ (मदत घ्या) आणि सोबत एक आकडा दिसतो. बसमध्ये असाल तर लाल दिवा आणि दोनदा बीप.

दुसरं: पहिला प्रवास सुरळीत झाला. हीथ्रो विमानतळाहून घरापर्यंत आलात, कुणी अडवलं नाही. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी तेच कार्ड नाकारलं. भारतीय कार्डांच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त पाहिलेलं लक्षण हेच. माणसं यानेच सर्वाधिक गोंधळतात, कारण “काल तर चाललं होतं”.

तिसरं: नवऱ्याने कार्ड टेकवलं, तो आत गेला. मागे वळून तेच कार्ड बायकोच्या हातात दिलं, तिला गेट उघडेना.

चौथं: गेटं सगळीकडे उघडली, पण बँकेचा मेसेज आला तेव्हा भाडं भलतंच जास्त, किंवा एका दिवसाचे दोन वेगळे आकडे.

पाचवं: कधी चालतं, कधी नाही. याचं कारण बहुतेकदा सगळ्यात स्वस्त असतं, म्हणून तपासणी तिथूनच सुरू करू. पण त्याआधी गेट काय विचार करतं ते समजून घ्या.

गेट बँकेला विचारत नाही

लंडनच्या बसमध्ये कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड डिसेंबर २०१२ पासून चालतं, ट्यूबवर सप्टेंबर २०१४ पासून. दुकानातलं मशीन बँकेकडे विचारणा करतं, उत्तराची वाट बघतं आणि मग पावती देतं. सकाळी साडेआठला व्हिक्टोरिया स्टेशनच्या गेटला एवढी सवड नसते. त्याला साधारण अर्ध्या सेकंदात निर्णय घ्यावा लागतो. म्हणून ते जागच्या जागी मोजक्या गोष्टी बघतं: कार्ड मान्य कंपनीचं आहे का, चिप खरी आहे का, मुदत संपली आहे का, आणि हे कार्ड नाकारायच्या यादीत आहे का. एवढं जमलं की दार उघडतं.

बँकेशी बोलणं मागाहून होतं. कार्ड नवीन दिसलं तर एका किरकोळ रकमेची मंजुरी मागितली जाते. दिवसभराच्या प्रवासांची बेरीज होऊन खरी रक्कम रात्री एकदम लावली जाते. थोडक्यात, वाण्याच्या वहीतली उधारी. माल आधी मिळतो, हिशेब रात्री होतो, आणि बँकेने पैसे दिले नाहीत की दुसऱ्या दिवशी वाणी हात वर करतो. ‘काल तर चाललं होतं’ याचा अर्थ एवढाच, की काल बँकेला अजून विचारलेलं नव्हतं.

म्हणून पहिल्याच टॅपला नकार आला तर कार्ड किंवा टेकवण्याची पद्धत तपासायची. नंतर आला तर बँक. गेट उघडूनही पैसे चुकले तर आत जाताना आणि बाहेर पडताना काय टेकवलं ते.

पाकिटातून कार्ड बाहेर काढा

फुकटचा उपाय, आणि बऱ्याच वेळा इथेच काम होतं. आपल्या पाकिटात हल्ली चिपची तीन-चार कार्डं सहज असतात: डेबिट, क्रेडिट, फॉरेक्स (आधीच परकीय चलन भरून घेतलेलं), वर पुणे किंवा मुंबई मेट्रोचं कार्ड, हॉटेलची किल्ली. सगळं पाकीट रीडरवर ठेवलं की दोन कार्डं एकदम उत्तर देतात आणि रीडर नकार देतो. कधी त्यातलं भलतंच कार्ड उचललं जातं. मग आत जाताना एक कार्ड आणि बाहेर पडताना दुसरं, असा प्रकार होतो. चौथ्या लक्षणाचं मूळ पुष्कळदा यातच असतं.

एकच कार्ड हातात घ्या, पिवळ्या गोलावर सपाट टेकवा, क्षणभर तिथेच राहू द्या. आपल्याकडे मशीनपुढे कार्ड हलवायची सवय असते, ती इथे नडते. फोनच्या कव्हरमध्ये कार्ड खोचलेलं असेल तर तेही काढा.

कार्डावर काय छापलंय ते बघा

चार वक्र रेघांचं कॉन्टॅक्टलेसचं चिन्ह नसेल तर पुढे काही करण्यात अर्थ नाही. चिन्ह असेल तर कंपनी बघा. इथे व्हिसा, मास्टरकार्ड आणि अमेरिकन एक्सप्रेस चालतात. रुपे चालत नाही, मग तुमच्या बँकेने ते ‘इंटरनॅशनल’ म्हणून दिलेलं असो. पेन्शनच्या खात्याचं डेबिट कार्ड बऱ्याचदा रुपेचं असतं आणि ते बघायचं कुणाच्या डोक्यात येत नाही, म्हणून हे निघण्यापूर्वी मुंबईतच बघून घ्या.

मार्च २०१९ मध्ये आलेलं नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड रुपेवरच चालतं, त्यामुळे पुण्यातल्या मेट्रोच्या कार्डाचा इथे उपयोग नाही. यूपीआयचाही नाही. गेटवर क्यूआर कोड शोधणारे काका मी पाहिलेत. त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही, घरी भाजीवाल्यापासून रिक्षापर्यंत तेच चालतं.

माणशी एक कार्ड

तिसऱ्या लक्षणाचं हे संपूर्ण उत्तर. प्रवास त्या कार्डाच्या नावावर सुरू होतो आणि तो बाहेरच्या टॅपपर्यंत चालू राहतो. एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. पतीपत्नींच्या संयुक्त खात्याची दोन वेगवेगळ्या क्रमांकांची कार्डं असतील तर चालतात, क्रेडिट कार्डाचं ॲड-ऑनही चालतं. फोनमधलं कार्ड आणि तेच प्लास्टिकचं कार्ड ही दोन वेगळी कार्डं धरली जातात, कारण फोन आपला वेगळा क्रमांक रीडरला देतो. सकाळी फोन आणि संध्याकाळी प्लास्टिक वापरलं तर दिवसाच्या कमाल मर्यादेचा (एका कार्डावर दिवसभरात त्याहून जास्त भाडं लागत नाही) फायदाही हुकतो.

दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना ट्यूबवर मोठ्यांसोबत भाडं नाही. त्यांना रुंद गेटमधून घेऊन जा, कार्ड शोधू नका. अकरा ते पंधरा वयाच्या मुलांना सवलत आहे, पण ती बँक कार्डावर बसत नाही. ओयस्टर, म्हणजे लंडनच्या प्रवासासाठी पैसे भरून वापरायचं कार्ड, घ्यायचं आणि स्टेशनातल्या कर्मचाऱ्याकडून त्यावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत लावून घ्यायची.

बँकेच्या ॲपमधलं ते बटण

इथे थांबून नीट वाचा. दुसऱ्या लक्षणाचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे.

रिझर्व्ह बँकेने १५ जानेवारी २०२० ला एक परिपत्रक काढलं आणि ते १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालं. त्यानुसार नवीन किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानांत, तेही चिप आतमध्ये घालूनच चालतं. परदेशातले व्यवहार, ऑनलाइन व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस या तिन्ही गोष्टी खातेदाराने स्वतः चालू करायच्या. सुरक्षेच्या दृष्टीने नियम चांगलाच आहे. पण ज्याला तो ठाऊक नाही त्याचं कार्ड हीथ्रोवर अर्धवट जागं असतं: चिप खरी म्हणून गेट उघडतं आणि बँक मागून नाही म्हणते.

‘इंटरनॅशनल’ चालू केलं म्हणून काम संपत नाही. पुष्कळ बँकांच्या ॲपमध्ये देशातले आणि परदेशातले व्यवहार असे दोन वेगळे कप्पे असतात, आणि दोन्हींमध्ये कॉन्टॅक्टलेसचं बटण वेगळं असतं. लोक पहिल्या कप्प्यातलं हिरवं बटण बघून “चालूच आहे की” म्हणतात. परदेशाच्या कप्प्यात जा. तिथे दुकानातले व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस, दोन्ही चालू हवेत. ऑनलाइनही चालू करून ठेवा, का ते पुढे येईल. मग मर्यादेचा आकडा बघा. बटण चालू आणि मर्यादा शून्य, हेही मी पाहिलं आहे. काही ॲप परदेशी वापराला शेवटची तारीख विचारतात. ती तुमच्या परतीच्या तारखेच्या पुढची घाला, कारण शेवटच्या दिवसाचं भाडं रात्री लागतं आणि तोवर तुम्ही विमानात असता.

नवीन कार्ड बँकेच्या लिफाफ्यातून काढून थेट इथे आणलं असेल तर आणखी एक गोष्ट. अनेक कार्डांचं कॉन्टॅक्टलेस, एकदा चिप घालून पिन दिल्याशिवाय सुरू होत नाही. दुकानात पाण्याची बाटली घ्या, कार्ड आत घाला, पिन द्या. एक पौंडात खात्री होते. घरी असतानाच एटीएमवर केलं तर तेही लागत नाही.

शिल्लक, चलन आणि बँकेचा संशय

फॉरेक्स कार्डात पैसे असणं पुरेसं नाही, ते पौंडांत असले पाहिजेत. दुबईमार्गे येणाऱ्यांच्या कार्डात दिरहम असतात, युरोप करून येणाऱ्यांच्या कार्डात युरो. काही कार्डं दुसऱ्या चलनातून आपोआप पैसे उचलतात आणि वर शुल्क लावतात, काही सरळ नकार देतात. ॲपमध्ये पौंडांच्या खान्यात दोन दिवसांच्या भाड्याएवढी तरी रक्कम ठेवा.

बटणं चालू, शिल्लक आहे, तरी नकार येत असेल तर बँकेच्या सुरक्षा विभागाने व्यवहार अडवलेला असू शकतो. सकाळी ठाण्यात खरेदी आणि रात्री लंडनमध्ये टॅप हे त्यांच्या संगणकाला संशयास्पद वाटतं. अशा वेळी भारतातल्या नंबरवर ‘हा व्यवहार तुम्हीच केलात का’ असा मेसेज येतो. ते सिम घरी ड्रॉवरमध्ये असेल तर उत्तर कोण देणार? रोमिंग चालू करून ते सिम फोनमध्ये ठेवा. पुढच्या पायरीलाही ओटीपी त्याच नंबरवर येणार आहे.

यादीतून नाव काढणं

ॲपमधलं बटण चालू केलं, परत गेटवर गेलात, पुन्हा लाल. इथे लोक हताश होतात आणि कार्डच खराब आहे असं ठरवून टाकतात. तसं नसतं. कालच्या प्रवासाचे पैसे बँकेने नाकारले तेव्हाच कार्ड नाकारायच्या यादीत गेलं. तुम्ही आज बटण चालू केलंत हे त्या यादीला कळायला मार्ग नाही. आधी थकलेलं भाडं भरावं लागतं.

ट्रान्सपोर्ट फॉर लंडन, म्हणजे टीएफएलच्या संकेतस्थळावर खातं उघडा आणि त्यात हे कार्ड जोडा. प्रवासांची यादी दिसते, न भरलेलं भाडं दिसतं आणि तिथूनच भरता येतं. हा ऑनलाइन व्यवहार असतो, म्हणून मघाशी ते बटणही चालू करायला सांगितलं. संकेतस्थळाशी झगडायचं नसेल तर ०३४३ २२२ १२३४ वर फोन करा. भरल्यावर लगेच गेटकडे धावू नका, यादी सगळ्या रीडरांपर्यंत पोचायला थोडा वेळ जातो.

क्रम उलटा करू नका. बँकेचं बटण बंद असताना भाडं भरायला गेलात तर पुन्हा नकार येतो आणि दोष कुठे आहे ते कळेनासं होतं.

चिपचाच दोष

पिन देऊन दुकानात कार्ड चालतं, दुकानात टॅपही होतं, पण गेटवर मात्र पहिल्याच टॅपला नेहमी नकार. असं थोड्यांच्या बाबतीत होतं, पण होतं. गेट बँकेला न विचारता चिप खरी आहे का ते तपासतं, आणि ती तपासणी जमण्याची सोय चिपमध्ये कार्ड बनवतानाच असावी लागते. काही बँकांची कार्डं प्रत्येक वेळी बँकेला विचारूनच चालतील अशी बनवलेली असतात. दुकानात त्याने काही बिघडत नाही, गेटवर ती चालतच नाहीत. यावर ॲपमध्ये उपाय नाही, हेल्पलाइनवरही नाही. दुसरं कार्ड घ्या.

कुठे थांबायचं

पाकिटाबाहेर काढलेलं एकच कार्ड दोन वेगवेगळ्या रीडरांनी नाकारलं, की टॅप करणं बंद करा. मागे रांग उभी असते आणि तिसऱ्या टॅपने नवीन काही कळत नाही. पडद्यावरचा आकडा लक्षात ठेवा किंवा फोटो काढा आणि रुंद गेटपाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला दाखवा. त्या आकड्यावरून त्यांना कारण कळतं, आपण तर्क लढवायची गरज नाही. ते बँकेचा दोष दुरुस्त करू शकत नाहीत, पण दोष बँकेचा आहे एवढं नक्की सांगतात.

आत जाताना कार्ड चाललं आणि बाहेर पडताना अडलं, तर दुसरं कार्ड टेकवून निसटायचा मोह आवरा. दोन्ही कार्डांवर अर्धवट प्रवास लागतात. कर्मचाऱ्याकडेच जा.

बँकेला फोन कधी? परदेशाच्या कप्प्यातलं सगळं चालू आहे, पौंड आहेत, मेसेज आलेला नाही, तरी दुकानातही टॅप होत नाही, तेव्हा. कार्डामागे परदेशातून करायचा क्रमांक असतो. ‘कार्ड चालत नाही’ म्हणाल तर ते कार्ड बंद करून नवीन पाठवायला निघतील, जे तुमच्या काहीच कामाचं नाही. तारीख, लंडनची वेळ आणि ‘ट्रान्सपोर्ट फॉर लंडनचा व्यवहार कोणत्या कारणाने नाकारला’ असं विचारा. कारणाची नोंद त्यांच्यासमोर असते.

हे सगळं करण्याइतका वेळ नसेल, किंवा सोबत म्हातारी माणसं असतील, तर मी तपासणीच्या फंदात पडत नाही. स्टेशनातल्या मशीनमधून ओयस्टर कार्ड घेते. मशीनवर रोख चालते. कार्डाचे वेगळे पैसे पडतात आणि ते परत मिळत नाहीत, पण मोठ्या माणसांचं भाडं आणि दिवसाची कमाल मर्यादा बँक कार्डाइतकीच असते आणि परकीय चलनाचं शुल्क प्रत्येक दिवशी लागत नाही. आठवडाभरासाठी आलेल्या आईवडिलांना मी आता सरळ ओयस्टरच देते. बसच्या दारात मात्र ही सोय नाही. लंडनच्या बसने जुलै २०१४ पासून रोख घेणं बंद केलं आहे, ड्रायव्हरला सुट्टे दाखवून काही होत नाही.

गेट उघडलं पण पैसे जास्त

ट्यूबवर आणि डीएलआर, ओव्हरग्राउंड, एलिझाबेथ लाइन या लंडनच्या इतर रेल्वेमार्गांवर आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं. बसमध्ये फक्त चढताना. डीएलआरच्या बऱ्याच स्टेशनांवर गेटच नसतं, नुसता खांबावर रीडर असतो. लोक गप्पा मारत पुढे निघून जातात. मग तुम्ही कुठे उतरलात हे कळत नाही आणि त्या एका प्रवासाला जास्तीत जास्त भाडं लागतं.

हिशेबाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो, आठवड्याची मर्यादा सोमवार ते रविवार मोजतात. एका दिवसाचे दोन आकडे दिसले तर आधी हे बघा, मग दोन वेगळी कार्डं टेकली गेली का ते बघा. अर्धवट प्रवास टीएफएलच्या खात्यातून दुरुस्त करून घेता येतो. कुठे उतरलात ते सांगायचं, फरक परत मिळतो.

तपासनीस आला तर ज्या कार्डाने आत आलात तेच पुढे करा. दंड १०० पौंड, २१ दिवसांत भरला तर ५०. गाडीत वाद घालू नका. कागद घ्या आणि त्याच २१ दिवसांत लेखी दाद मागा.

दुसऱ्या शहरांत

वरचा बँकेचा भाग कुठेही तसाच लागू पडतो, गेटचे नियम बदलतात. सिंगापूरमध्ये बाहेर पडतानाही टेकवायचं असतं, आणि परदेशी बँकेच्या कार्डावर वापराच्या प्रत्येक दिवसाला ६० सेंट जादा लागतात. नेदरलँड्समध्ये २०२३ पासून देशभर बँक कार्ड चालतं, पण तिथे बस आणि ट्राममधून उतरतानाही टॅप लागतो. लंडनची सवय झालेले लोक तिथे हमखास फसतात. न्यूयॉर्कच्या सबवेत उलट: बाहेर पडताना काही नाही, आणि एकाच कार्डावर सोबतच्या माणसांचे पैसे देता येतात.

शेवटचा प्रकार घरी परतल्यावर कळतो. परतावा त्याच कार्डावर येतो ज्यावरून भाडं कापलं. पुण्याला पोचल्याबरोबर बँकेत जाऊन उरलेले पौंड काढून फॉरेक्स कार्ड बंद केलं, तर तो परतावा कुठे जमा करायचा हा प्रश्न उभा राहतो. टीएफएलच्या खात्यात सगळे प्रवास पूर्ण दिसेपर्यंत आणि मागितलेले पैसे जमा होईपर्यंत कार्ड चालू ठेवा. मगच बंद करायचा अर्ज द्या.